वर्गशिक्षकांसाठी ऑनलाइन साधने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकवण्यासाठी इंटरनेटवर काय मिळतं याच्या याद्या भरपूर सापडतात. त्या यादीतलं साधन वर्गात उघडल्यावर काय होतं, हे मात्र कोणी फारसं सांगत नाही. खालच्या उत्तरांचा भर त्यावर आहे. उल्लेख केलेली बहुतेक साधनं मोफत आहेत किंवा त्यांची मोफत आवृत्ती एका वर्गाला पुरते.

साधनं शेकड्यांनी आहेत. सुरुवात कुठून करू?

तुमच्या धड्यातल्या अडणाऱ्या जागेपासून. दरवर्षी मुलं कुठे अडखळतात ते तुम्हाला ठाऊक असतं: अपूर्णांकांचा छेद, लंबकाचा दोलनकाळ, नकाशावरचं प्रमाण, जोडाक्षरांचं वाचन. अशी एक जागा निवडा आणि तेवढ्यापुरतंच साधन शोधा. आधी साधन आवडलं आणि मग त्यासाठी धडा शोधला, असं झालं की तास रंगतो खरा, पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर कोणाला काही आठवत नाही.

एका सत्रासाठी तीन साधनं पुष्कळ झाली: एक दाखवण्यासाठी, एक तपासण्यासाठी आणि एक वाचनासाठी किंवा चित्रांसाठी. नवं साधन मुलांच्या हाती दिलं की पहिला तास बटणं शोधण्यातच जातो. दर आठवड्याला साधन बदललं, तर दर आठवड्याला तो तास पुन्हा जातो.

वर्गात नेण्याआधी साधन कसं पारखायचं?

पंधरा मिनिटं द्या आणि शिक्षक म्हणून न पाहता विद्यार्थी म्हणून पाहा. ब्राउझरची खासगी खिडकी (इन्कॉग्निटो) उघडून दुवा टाका. तुमच्या स्वतःच्या खात्यात सगळं नीट उघडतं, मुलांना मात्र ‘परवानगी मागा’ असा संदेश दिसतो, ही सर्वांत नेहमीची फजिती या एका पायरीने टळते. मग तोच दुवा हाताशी असलेल्या सर्वांत जुन्या मोबाइलवर उघडा. पान पूर्ण आलं की नेट बंद करा आणि साधन चालू राहतं का ते बघा. शेवटी प्रोजेक्टरवर लावून मागच्या बाकावर जाऊन बसा. पडद्यावरचा मजकूर तिथून वाचता आला नाही, तर ब्राउझरमध्ये कंट्रोल दाबून अधिकचं चिन्ह दाबा. पान मोठं होतं, बहुतेक वेळा काम भागतं.

खातं काढावं लागतं का, जाहिराती कुठे येतात आणि तुम्ही तयार केलेलं काम फाइल म्हणून बाहेर काढता येतं का, एवढंही बघून घ्या. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या साधनावर वर्षभराचे प्रश्नसंच रचू नका.

विज्ञानासाठी एकच साधन सांगा.

फेट हे संकेतस्थळ. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाइमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र आणि भूशास्त्र यांतली हलती प्रतिरूपं (सिम्युलेशन) इथे आहेत. खातं लागत नाही, आणि प्रत्येक प्रतिरूपाच्या पानावर भाषांची यादी असते. तिथे मराठी आहे का, ते प्रतिरूपागणिक तपासा, कारण सगळ्यांचं भाषांतर झालेलं नसतं.

ते वापरताना होणारी चूक एकच: शिक्षक स्वतः सगळं हलवून दाखवतात आणि मुलं बघत बसतात. त्यापेक्षा आधी अंदाज मागा. लंबकाचं उदाहरण घ्या. प्रतिरूपात दोन लंबक शेजारी शेजारी टांगता येतात. एकाची लांबी १ मीटर आणि दुसऱ्याची ०.२५ मीटर ठेवा, घर्षण शून्यावर आहे ना ते पाहा, आणि सोडण्याआधी वहीत लिहायला लावा: लांबी पाव केली तर एका दोलनाला लागणारा वेळ किती होईल? बहुतेक जण ‘पाव’ लिहितात. आता दोन्ही साधारण १० अंशांवरून सोडा आणि पडद्यावरच्या स्टॉपवॉचने दहा दोलनांचा वेळ मोजा. मोठ्याला सुमारे २० सेकंद लागतील, लहानाला सुमारे १०. वेळ निम्मा झाला, पाव नाही. वर्गमूळ फळ्यावर यायचं ते यानंतर.

मोजताना सोडण्याच्या क्षणी मुलं ‘एक’ म्हणतात, त्यामुळे प्रत्यक्षात नऊच दोलनं मोजली जातात आणि वेळ १८ सेकंद येतो. सोडताना ‘शून्य’ म्हणायची सवय लावा. वस्तुमान बदलून काही फरक पडत नाही हेही दाखवा. कोन ६० अंशांवर नेला तर दोलनकाळ सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. ‘कोनाचा काही संबंध नाही’ हे वाक्य लहान कोनांपुरतंच खरं आहे, हे वरच्या वर्गाला इथे सहज पटवता येतं.

आणि मग दोरा आणि नट घेऊन तोच प्रयोग खरोखर करा. प्रतिरूप हे आदर्श जग असतं. विद्युत मंडलाच्या संचातल्या तारा सुरुवातीला जवळजवळ रोधहीन असतात. खऱ्या तारा, गंजलेली टोकं आणि उतरलेला सेल यांचा अनुभव पडद्यावर मिळत नाही.

गणितात जिओजेब्रा घ्यावं की डेसमॉस?

दोन्ही पडद्यावर गणित हलतं करून दाखवणारी साधनं आहेत. आलेख काढायचे असतील तर डेसमॉस हाताला हलकं लागतं. भूमिती, रचना आणि त्रिमिती हवी असेल तर जिओजेब्रा. दोन्ही शिकण्यात वेळ घालवायची गरज नाही. माध्यमिक शाळेत शिकवत असाल तर जिओजेब्रा घ्या, त्यात आलेखही येतात.

वर्गसमीकरणाचा तास कसा घेता येतो ते बघा. समीकरण सामान्य रूपात टंका, म्हणजे सहगुणकांच्या जागी ए, बी आणि सी ही अक्षरं तशीच ठेवा. सहगुणक आणि चल यांच्यामध्ये मोकळी जागा किंवा गुणाकाराचं चिन्ह द्या. दोन अक्षरं चिकटली तर कधीकधी ते एकाच नावाचं नवं चल समजलं जातं आणि आलेखच येत नाही. तिन्ही सहगुणकांसाठी सरकपट्ट्या आपोआप तयार होतात, त्यांची सुरुवातीची मर्यादा उणे ५ ते ५ असते.

ए बदलला की वक्र रुंद-अरुंद होतो आणि सी बदलला की वरखाली सरकतो, हे मुलं लगेच सांगतात. बी ने काय होतं, याचं उत्तर ‘बाजूला सरकतो’ असं येतं आणि बरेच शिक्षक ते मान्य करून पुढे जातात. थांबा. ए ला १ आणि सी ला ० ठेवा, शिरोबिंदू सूत्राने काढून घ्या, त्याच्यावर उजवी क्लिक करून माग दाखवायचा पर्याय चालू करा आणि फक्त बी ची पट्टी ओढा. शिरोबिंदू स्वतःच एका उलट्या पॅराबोलावरून धावतो. फळ्यावर हे दाखवायला अर्धा तास लागला असता. नंतर ए शून्यावर आणा. वक्राची सरळ रेषा होते आणि शिरोबिंदू गायब होतो. वर्गसमीकरणात ए शून्य का चालत नाही, ते समोरच दिसतं.

एक खबरदारी घ्या. झूम करताना दोन्ही अक्षांचं प्रमाण वेगळं झालं, तर वर्तुळ लंबवर्तुळासारखं दिसतं आणि काटकोन काटकोन वाटत नाही. अक्षांचं प्रमाण एकास एक करून घ्या, मगच आकारांबद्दल बोला.

शाळेत नेट नाही, किंवा असून नसल्यासारखं आहे. मग काय?

मग घरून फाइली घेऊन या. फेटचं जवळजवळ प्रत्येक प्रतिरूप एकाच एचटीएमएल फाइलमध्ये उतरवता येतं आणि ती फाइल काही एमबींचीच असते. पेनड्राइव्हवर टाका आणि संगणकावर ब्राउझरमध्ये उघडा. मोबाइलवर फाइल व्यवस्थापक कधी कधी ती स्वतःच्याच दर्शकात उघडतो आणि पडदा कोरा राहतो. अशा वेळी ‘यासह उघडा’ मधून क्रोम किंवा फायरफॉक्स निवडा.

विकिपीडियासाठी किविक्स आहे. संपूर्ण ज्ञानकोश झिम नावाच्या एका फाइलमध्ये येतो आणि नेटशिवाय शोधता येतो. चित्रांसह पूर्ण इंग्रजी विकिपीडिया सुमारे १०० जीबीचा आहे, मराठीचा त्या मानाने अगदी छोटा. इथे एक हमखास अडचण येते: मोठी फाइल पेनड्राइव्हवर चढतच नाही आणि रिकामी जागा असूनही ‘जागा अपुरी’ किंवा ‘फाइल फार मोठी’ असा संदेश येतो. कारण पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. आतला मजकूर दुसरीकडे ठेवून पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा, की काम झालं. अर्थात, ज्या जुन्या यंत्रावर तो लावायचा आहे त्याला एक्सफॅट वाचता येतं का, हे आधी बघा.

संगणक कक्ष असेल तर कोलिब्री बघा. एका संगणकावर ते बसवलं आणि धडे व सराव एकदा उतरवून घेतले, की बाकीची यंत्रं शाळेतल्या वायफायवरून तो संगणक उघडतात. बाहेरचं नेट लागत नाही. खान अकॅडमीचे सराव आणि फेटची प्रतिरूपं यांसह बरंच साहित्य त्यात मिळतं. मुलांची प्रगतीही तिथेच नोंदली जाते. फक्त हवे तेवढेच विभाग निवडून उतरवा, आख्खं दालन उतरवायला घेतलं तर डिस्क भरते आणि अर्ध्यात थांबते.

मुलांकडे मोबाइल नाहीत. तरी लगेच निकाल दाखवणारी प्रश्नमंजूषा घेता येईल का?

येईल, प्लिकर्सने. प्रत्येक मुलाला कागदावर छापलेलं एक कार्ड मिळतं. त्यावर एक चौकोनी नक्षी असते आणि तिच्या चार कडांवर चार पर्यायांची अक्षरं. मूल आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरतं, तुम्ही मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवता आणि कोणी काय उत्तर दिलं ते नोंदलं जातं. नेहमीच्या संचात ४० कार्डं असतात, मोठ्या वर्गांसाठी ६३ चा संच आहे. कार्डांना क्रमांक असतात, तेव्हा हजेरी क्रमांकाप्रमाणेच वाटा. दर वेळी वेगळं कार्ड गेलं तर नोंदी निरुपयोगी होतात.

बिघडतं ते तीन ठिकाणी. मुलं नक्षीवर बोटं ठेवतात, मग कॅमेरा ते कार्ड वाचत नाही. चकचकीत लॅमिनेशनवर खिडकीचा उजेड परावर्तित होतो, म्हणून जाड साधा कागद किंवा मॅट लॅमिनेशन बरं. आणि मागच्यांची कार्डं पुढच्यांच्या डोक्याआड जातात, तिथे कार्ड छातीशी न धरता डोक्यावर धरायला सांगा. कार्डावरची अक्षरं मुद्दाम बारीक छापलेली असतात, त्यामुळे शेजाऱ्याचं उत्तर पाहणं अवघड जातं.

निकाल कळल्यावर काय करायचं हे जास्त महत्त्वाचं. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांची समवयस्क अध्यापनाची पद्धत इथे चपखल बसते. बरोबर उत्तरं साधारण ३० टक्क्यांपेक्षा कमी असतील तर पुन्हा शिकवा. ७० टक्क्यांच्या वर असतील तर थोडक्यात खुलासा करून पुढे चला. मधल्या पट्ट्यात असतील तर योग्य उत्तर अजिबात सांगू नका. वेगळं उत्तर देणाऱ्या शेजाऱ्याला दोन-तीन मिनिटं पटवायला लावा आणि पुन्हा कार्डं वर करा. म्हणून पहिल्या फेरीचा स्तंभालेख पडद्यावर दाखवायचा नाही. तो दिसला की मुलं बहुमताकडे वळतात.

काहूटसारखे खेळ चांगले की वाईट?

उजळणीसाठी चांगले, नवं शिकवताना वाईट. काहूट या ऑनलाइन प्रश्नमंजूषेत लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात, म्हणून सावकाश विचार करणारं मूल बरोबर असूनही खाली जातं. आकडेमोडीच्या प्रश्नाला वेळ वाढवून द्या आणि गुणांसाठी वेगाचा विचार बंद ठेवता आला तर ठेवा. अन्यथा दरेकाने आपापल्या गतीने सोडवायचा प्रकार निवडा.

गूगल फॉर्म्सवर चाचणी घेतली, पण बरोबर मराठी उत्तरं चूक धरली गेली. असं का?

लघुउत्तराच्या प्रश्नात फॉर्म अक्षरं जशीच्या तशी जुळवून बघतो. तुम्ही उत्तरसूचीत ‘१२’ लिहिलं आणि मुलाने इंग्रजी आकड्यांत बारा लिहिले, तर उत्तर चूक. ‘हरितद्रव्य’ ऐवजी ‘क्लोरोफिल’, तेही चूक. यापेक्षा छुपी गोष्ट अशी, की मराठीतली काही अक्षरं दोन वेगळ्या पद्धतींनी टंकता येतात. ‘ॲसिड’ मधला पहिला स्वर एका कीबोर्डवर एकच अक्षर म्हणून येतो, दुसऱ्यावर अ आणि चंद्र अशी दोन चिन्हं मिळून. ‘ऱ्हास’ मधल्या आडव्या र चीही हीच गत. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला मात्र वेगळी.

उपाय साधा आहे. उत्तरसूचीत एकाहून अधिक उत्तरं भरता येतात. शक्य ते सगळे पर्याय भरा आणि ‘बाकी सर्व उत्तरं चूक समजा’ ही चौकट रिकामी ठेवा. मग न जुळलेली उत्तरं तुम्हाला स्वतः तपासता येतात. गुण ‘हाताने तपासल्यानंतर’ जाहीर होतील असं सेटिंग ठेवा, नाहीतर मूल चुकीचा निकाल पाहून घरी जातं. आकड्यांच्या प्रश्नाला ‘उत्तर इंग्रजी अंकांत लिहा’ अशी सूचना प्रश्नातच द्या.

पर्यायांचा क्रम आपोआप बदलायचं बटण वापरत असाल, तर ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय ठेवू नका. तो कधीतरी सर्वांत वर येऊन बसतो आणि मग ‘वरील’ काहीच उरत नाही. खात्यात न शिरता फॉर्म भरणाऱ्यांची अर्धवट उत्तरं जपून ठेवली जात नाहीत, पान ताजं झालं की सगळं पुसलं जातं. म्हणून आठ-दहा प्रश्नांचे छोटे फॉर्म बरे.

आणि सेटिंगमध्ये ‘निकालांचा सारांश दाखवा’ हे बंद आहे ना, ते पाहा. ते चालू असेल तर फॉर्म भरणाऱ्याला सगळ्यांची उत्तरं दिसतात. पहिल्या मुलाने शेवटच्या मुलाला उत्तरं पुरवायची सोयच झाली.

व्हिडिओ किती वेळाचा दाखवावा?

छोटा. फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या संकेतस्थळावरच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहणाऱ्यांचा मध्यक वेळ जास्तीत जास्त सहा मिनिटांच्या आसपासच राहतो. ते पाहणारे प्रौढ, स्वेच्छेने आलेले होते. वर्गातल्या मुलांकडून त्याहून जास्त अपेक्षा का धरावी?

दाखवण्याआधी दोन प्रश्न फळ्यावर लिहा, मधे एकदा थांबवा, संपल्यावर वह्यांत उत्तरं लिहून घ्या. आठवून लिहिणं हे पुन्हा पाहण्यापेक्षा जास्त काळ टिकतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगांनंतर याबद्दल फारसा वाद उरलेला नाही.

यूट्यूबच्या कळा लक्षात ठेवल्या तर प्रोजेक्टरसमोरची धांदल वाचते. इंग्रजी के ने व्हिडिओ थांबतो, जे आणि एल ने दहा सेकंद मागे-पुढे जातो, सी ने उपशीर्षकं येतात. थांबवलेला असताना स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी एकेक चौकट मागे-पुढे सरकते. पडणारा चेंडू किंवा धावणारा प्राणी यांची हालचाल चौकट-चौकटीने बघायला ही सोय उत्तम. आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याचं बटण मात्र आधी बंद करा. तुमचा धडा संपल्यावर काय सुरू होईल, याची हमी कोणी देत नाही.

चित्रं कुठून घ्यावीत? ‘इंटरनेटवर आहे म्हणजे मोफत’ असं चालेल का?

चालणार नाही. विकिमीडिया कॉमन्सवर शोधा. २००४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहात दहा कोटींहून अधिक फाइली आहेत आणि प्रत्येकीखाली परवाना लिहिलेला असतो. आकृत्या एसव्हीजी प्रकारात मिळाल्या तर त्या घ्या, कितीही मोठ्या केल्या तरी फाटत नाहीत. इंकस्केप या मोफत प्रणालीत उघडून इंग्रजी नावांच्या जागी मराठी नावं टाकता येतात, किंवा नावं पुसून ‘भाग ओळखा’ असा प्रश्न करता येतो. कॉमन्सचं स्वतःचं एसव्हीजी भाषांतराचं साधनही आहे.

आपलं काम इतरांनी कोणत्या अटींवर वापरावं हे कर्ता ज्यांतून सांगतो, असे क्रिएटिव्ह कॉमन्सचे सहा परवाने आहेत, पण शिक्षकाला चार संक्षेप कळले तरी पुरे. बीवाय म्हणजे श्रेय द्या. एसए म्हणजे तुम्ही बदल करून जे वाटाल त्यालाही हाच परवाना लावा. एनसी म्हणजे व्यापारी वापर नको, म्हणून विकत देण्याच्या सराववहीत ते चित्र घालू नका. एनडी म्हणजे बदललेलं रूप वाटू नका, आणि इथे आपली माणसं नेमकी फसतात: भाषांतर हाही बदलच धरला जातो. एनडी परवान्याची इंग्रजी कार्यपत्रिका मराठीत करून गटावर पाठवणं त्या परवान्यात बसत नाही. सीसी शून्य असेल तर कसलीच अट नाही.

श्रेय देताना चार गोष्टी लिहा: चित्राचं नाव, कर्ता, कुठून घेतलं, कोणता परवाना. ‘सौजन्य: गूगल’ हे श्रेय नव्हे. गूगल चित्रं दाखवतं, काढत नाही.

वाचनासाठी काय आहे?

प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर. २०१५ पासून चालू आहे, गोष्टी चार वाचनपातळ्यांत लावलेल्या आहेत, मराठीत भरपूर आहेत आणि बहुतेक बीवाय परवान्याच्या, म्हणजे उतरवा, छापा, भाषांतर करा. पातळी निवडताना इयत्तेकडे पाहू नका, मुलाच्या वाचनाकडे पाहा. पहिल्या पानावर पाचापेक्षा जास्त शब्दांना अडलं तर एक पातळी खाली या. प्रोजेक्टरवर गोष्ट लावून सगळ्या वर्गाने एकसुरात वाचली, तर न वाचणारी मुलं आवाजात लपतात. एका पानानंतर पडदा झाका आणि एकेकाला विचारा.

इंग्रजीच्या वरच्या वर्गांसाठी प्रोजेक्ट गुटेनबर्ग आणि लिब्रिव्हॉक्स यांची जोडी छान जमते, एकीकडे मजकूर आणि दुसरीकडे त्याचं वाचन. वाचक स्वयंसेवक असतात, उच्चार आणि ध्वनिमुद्रणाचा दर्जा कमीजास्त असतो. आधी ऐका.

भूगोल आणि इतिहासासाठी?

गूगल अर्थमधली टाइमलॅप्स सोय १९८४ पासूनची उपग्रहचित्रं क्रमाने दाखवते. आटणारी सरोवरं आणि पसरणारी शहरं यांसाठी त्याला तोड नाही. ‘द ट्रू साइझ’ या संकेतस्थळावर एखादा देश उचलून विषुववृत्तावर नेता येतो. मर्केटरच्या नकाशात ग्रीनलंड आणि आफ्रिका सारखेच वाटतात, प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे चौदा पट मोठा आहे. आकडेवारीसाठी गॅपमाइंडर आणि अवर वर्ल्ड इन डेटा बघा. आलेखाचा अक्ष लघुगणकी (सारख्या अंतरावर १, १०, १०० असा वाढणारा) आहे का, हे मुलांना दाखवण्याआधी तपासा. तसा असेल तर समान अंतर म्हणजे समान वाढ, हा समज चुकीचा ठरतो.

मराठी कार्यपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा खिचडा होतो.

ती युनिकोड (सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत) येण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली असते. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. जुना मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा आणि एकदा वाचून काढा, रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. पुढे मुक्ता, बालू किंवा नोटो सान्स देवनागरी असे खुले फॉन्ट वापरा आणि पाठवताना पीडीएफ पाठवा.

पहिली-दुसरीला शिकवत असाल तर श आणि ल यांच्या वळणाकडे लक्ष द्या. बरेच फॉन्ट ही अक्षरं हिंदी वळणाने दाखवतात. काही फॉन्टांमध्ये मराठी वळण आत दडलेलं असतं आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ ठरवली की ते बाहेर येतं. लिब्रेऑफिसमध्ये हे करता येतं.

छापील पानावरून मजकूर हवा असेल, तर पानाचा फोटो गूगल ड्राइव्हवर चढवा आणि ‘गूगल डॉक्ससह उघडा’ म्हणा. फाइल २ एमबीपेक्षा लहान असावी आणि पान सरळ. दोन रकान्यांचं पान एकदम दिलं तर ओळी एकमेकींत मिसळतात, रकाने वेगळे कापून द्या. नंतर घ-ध, भ-म आणि अनुस्वार डोळ्यांत तेल घालून तपासा.

मी दिलेल्या फाइलमध्येच मुलं लिहून ठेवतात. प्रत्येकाला वेगळी प्रत कशी द्यायची?

गूगल डॉक्स किंवा शीट्सच्या पत्त्यात शेवटी ‘एडिट’ असा इंग्रजी शब्द असतो. त्याच्यासह पुढचं सगळं पुसून तिथे ‘कॉपी’ हा शब्द इंग्रजीत लिहा आणि तो दुवा पाठवा. उघडणाऱ्याला थेट प्रत करण्याचं बटण दिसतं, तुमची मूळ फाइल शाबूत राहते. फाइलला ‘दुवा असलेल्या कोणालाही पाहता येईल’ एवढीच परवानगी द्या.

एआयकडून प्रश्नपत्रिका करून घ्यावी का?

कच्चा मसुदा म्हणून जरूर. ‘प्रकाश संश्लेषणावर दहा प्रश्न दे’ असं म्हटलं तर बेचव प्रश्न येतात. मुलांचा गैरसमज सांगितला तर कामाचं काही मिळतं: ‘झाड आपलं अन्न मातीतून घेतं असं मुलांना वाटतं, हा समज उघडा पडेल असे चार पर्याय दे.’

तपासताना ठरावीक जागा आहेत. बरोबर पर्याय बाकीच्यांपेक्षा लांब आणि नेटका असतो, चतुर मुलं न वाचता ओळखतात. बरोबर उत्तरं दुसऱ्या-तिसऱ्या पर्यायावर गोळा होतात. गणितात उत्तरसूचीच चुकलेली असते, म्हणून प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवा. मराठीत विज्ञानाच्या संज्ञा मनाने बनवल्या जातात, पाठ्यपुस्तकातली संज्ञा घाला. पुस्तकांची आणि संशोधनाची नावं विचारू नका, नसलेलीही आत्मविश्वासाने दिली जातात. आणि मुलांची नावं, गुण किंवा घरची माहिती तिथे कधीच टाकू नका.

मुलांची खाती काढावी लागतात. काय सांभाळायचं?

बऱ्याच सेवांची अट किमान १३ वर्षं वयाची असते, तेव्हा लहान वर्गांसाठी खातं न लागणारी किंवा वर्गाच्या कोडने चालणारी साधनं निवडा. मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या स्क्रॅचच्या शिक्षक खात्यातून मुलांना ईमेलशिवाय खाती काढून देता येतात. खऱ्या नावाऐवजी हजेरी क्रमांक किंवा टोपणनाव वापरा, आणि यादी कागदावर आपल्याकडे ठेवा. पॅडलेटसारख्या, सगळ्यांना मजकूर चिकटवता येणाऱ्या ऑनलाइन भिंतीवर ‘आधी मंजुरी’ चालू ठेवा, नाहीतर पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी कोणाची तरी टिंगल लिहितंच. गुणपत्रिकेच्या शीटचा दुवा गटावर टाकण्याआधी ती कोणाकोणाला उघडते ते खासगी खिडकीत पाहा.

जपून ठेवलेले दुवे वर्षभराने उघडत नाहीत.

पानं हलतात, सेवा बंद होतात, नावं बदलतात. २०२० च्या अखेरीस ब्राउझरमध्ये खेळ आणि चलचित्रं चालवणारं फ्लॅश बंद झालं आणि त्यावर चालणारे असंख्य शैक्षणिक खेळ एका रात्रीत निकामी झाले. गूगलचा ऑनलाइन फळा जॅमबोर्ड २०२४ अखेर बंद झाला. क्विझिझ हे प्रश्नमंजूषेचं साधन २०२५ मध्ये वेग्राउंड या नावाने ओळखलं जाऊ लागलं.

मेलेला दुवा इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकून पाहा. जुनं पान बरेचदा सापडतं, व्हिडिओ आणि खेळ सहसा सापडत नाहीत. जे पान महत्त्वाचं वाटतं ते तिथे स्वतःही जतन करून ठेवता येतं. प्रश्नसंच वर्षातून एकदा शीटमध्ये उतरवून घ्या. दुव्यांच्या यादीत पत्त्याशेजारी धड्याचं नाव आणि शेवटचं तपासल्याची तारीख असे दोन रकाने ठेवा, आणि सत्र सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात यादी वरून खाली एकदा उघडून बघा.